किलो उतरले, पण कशाचे?

मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यातून तुमच्या-आमच्या घरात आला. त्याआधीच्या वर्षभरात भाव कसे घसरत गेले ते बघण्यासारखं आहे. मार्च २०२५ मध्ये एलाय लिलीचं माउंजारो इथे आलं, तेव्हा सर्वांत कमी डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, आणि तशी कुपी दर आठवड्याला एक लागते. जूनमध्ये नोवो नॉर्डिस्कचं वेगोव्ही, म्हणजे वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, आलं, महिन्याला १७,००० च्या वर. नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीने त्याची किंमत जास्तीत जास्त ३७ टक्क्यांनी उतरवली. डिसेंबरमध्ये ओझेम्पिक, म्हणजे मधुमेहासाठीचं सेमाग्लुटाइड, आलं, तेही महिन्याला साधारण ८,८०० रुपयांपासून. हा काही कंपन्यांचा दानधर्म नव्हता. देशी कंपन्या दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्या आधी गिऱ्हाईक बांधून घ्यायचं होतं. आता त्या कंपन्या आत आल्या आहेत आणि भाव आणखी उतरणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

एवढे दिवस या औषधांवरचा वाद दोनच सुरांत चालला. एका बाजूला 'आठवड्याला एक सुई, आणि जिम-बिम विसरा' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला 'जरा तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती' म्हणणारे. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण दोघांच्या हातात मोजायचं साधन एकच आहे: वजनकाटा. पहिला काटा किती उतरला ते सांगतो, दुसरा तो कसा उतरायला हवा होता ते सांगतो. माझा आक्षेप त्या काट्यालाच आहे. औषध खरं आहे, चांगलं आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी लोकांना ते मिळायला हवं. पण भारतीय शरीरात ते नुसत्या किलोवर मोजून वाटलं, तर गरज असलेला माणूस बाहेर राहील आणि गरज नसलेला आत येऊन स्वतःचं नुकसान करून घेईल. दोन्ही गोष्टी सुरूही झाल्या आहेत.

आधी औषधाच्या बाजूने जे बोलायचं ते हातचं न राखता बोलू. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'पुरे' असा निरोप देतं. शरीरातलं मूळ संप्रेरक काही मिनिटांत मोडून जातं, म्हणून त्याचं औषध करणं अवघड होतं. वाट सापडली ती अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून. जॉन एंग या संशोधकाला १९९२ च्या सुमारास त्या लाळेत जीएलपी-१ सारखंच काम करणारा, पण बराच टिकणारा रेणू सापडला. त्यावरून निघालेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी मंजूर झालं. सेमाग्लुटाइड ही नंतरची, आठवडाभर रक्तात राहणारी पिढी. टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारोतलं औषध, आणखी एका संप्रेरकाची नक्कल सोबत करतं.

आकडे बघा. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. खोटं, म्हणजे तुलनेसाठी दिलेलं औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्क्यांनी. यातली दुसरी संख्या मला पहिलीपेक्षा जास्त बोलकी वाटते. या खोट्या इंजेक्शनवाल्यांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. आहाराचा सल्ला, व्यायामाचा आग्रह, नियमित पाठपुरावा हे सगळं त्यांनाही सव्वा वर्ष मिळत होतं. म्हणजे शिस्तबद्ध, पगारी माणसांनी दिलेला उपदेश अडीच टक्के, आणि संप्रेरक पंधरा टक्के. इच्छाशक्तीवर व्याख्यानं देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा शांतपणे वाचावा.

महाराष्ट्राला तर हे वेगळं सांगायला नको. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणाले दिवसातून दोनदाच जेवा, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर म्हणाल्या थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी खा. सात-आठ वर्षांपूर्वी या दोन पंथांवरून घराघरांत फूट पडली होती. सासरे दीक्षित, सून दिवेकर, आणि डायनिंग टेबलावर तह. यात टिंगल करण्यासारखं काही नाही. कित्येकांची साखर त्यातून आटोक्यात आली. पण किती जणांनी सुरू केलं आणि किती जणांचं टिकलं, हे ज्याने त्याने आपल्याच कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊन मोजावं.

आमच्या नात्यात एक वहिनी आहेत. पंचावन्नच्या पुढच्या, जुनी शुगर, बीपी, दोन्ही गुडघे गेलेले, यकृतात चरबी. फिजिशियनने रीतसर तपासण्या करून त्यांना हे इंजेक्शन सुरू केलं. काही महिन्यांनी भेटल्या तेव्हा त्यांनी वजनाचं काही सांगितलंच नाही. सांगितलं ते असं: 'अहो, आयुष्यभर सगळ्यांची ताटं आवरताना उरलेला भात टाकवत नाही म्हणून माझ्या तोंडात जायचा. आता तो भात दिसतो आणि मी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवते. एवढंच.' दिवसभर डोक्यात चालणारी खाण्याची भुणभुण थांबणं म्हणजे काय, हे ज्याला ती भुणभुण कधी नव्हती त्याला समजणार नाही. अशा माणसाने दुसऱ्याला 'ताबा ठेवा' म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. आणि त्यांचा फायदा भातापुरता नाही. इन्सुलिनची युनिट्स कमी झाली, जिना चढता येऊ लागला.

हृदयाचं म्हणाल तर २०२३ मध्ये जाहीर झालेली सेमाग्लुटाइडची चाचणी १७,६०४ लोकांवरची होती. सगळे वजनदार, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार, पण मधुमेह नसलेले. सव्वातीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काही ना काही खोट्या इंजेक्शनच्या गटात शंभरात आठ जणांना झालं, औषधाच्या गटात साडेसहा जणांना. 'वीस टक्के घट' असं जाहिरातीत लिहितात ते हेच. शंभरात दीड माणूस वाचणं हा चमत्कार नाही, पण हृदयाच्या औषधांच्या जगात ही मोठी गोष्ट आहे. त्याच चाचणीत औषध सोसलं नाही म्हणून सोडणारे शंभरात सोळा-सतरा होते, खोट्या इंजेक्शनवाल्यांच्या दुप्पट, हेही त्याच कागदावर छापलेलं आहे.

संशय घेणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. वजनाच्या औषधांचा इतिहास मुळात फसवणुकीचा आणि अपघातांचा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल विकलं गेलं. स्फोटकांच्या कारखान्यातलं रसायन ते. माणसं बारीक झाली, काहींना मोतीबिंदू झाला, काही अक्षरशः आतून तापून मेली. १९९७ मध्ये फेन-फेन या जोडगोळीतलं फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून मागे घ्यावं लागलं. रिमोनाबंट नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे गेलं. सिब्युट्रामिन हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेलं आणि पुढच्या वर्षी भारतानेही बंद केलं. यातलं प्रत्येक औषध आलं तेव्हा 'सुरक्षित' होतं. आताच्या औषधांच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे: हा वर्ग वीस वर्षं मधुमेह्यांमध्ये वापरात आहे आणि लाखो माणसांची नोंद हाताशी आहे. त्यामुळे धोके बऱ्यापैकी माहीत आहेत. मळमळ तर २०२१ च्या त्या वजनाच्या चाचणीत औषध घेणाऱ्या शंभरात चव्वेचाळीस जणांना झाली. उलट्या, बद्धकोष्ठता, पित्ताशयात खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी जाण्याचा अत्यंत दुर्मीळ धोका, जो २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने मान्य केला. उंदरांमध्ये थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठी दिसल्या, म्हणून घरात त्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. गरोदरपणात नाही, आणि दिवस राहण्याच्या दोन महिने आधीच सेमाग्लुटाइड बंद करायचं. भूल द्यायची असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण जठर रिकामं व्हायला वेळ लागतो.

हे सगळे धोके औषधासोबतच्या पत्रकावर आहेत, डॉक्टरांना पाठ आहेत. मला ज्या धोक्याची काळजी वाटते तो पत्रकाच्या ठळक अक्षरांत नाही, आणि तो समजून घ्यायला पुण्याला यावं लागतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गेली काही दशकं एकच प्रश्न धरून ठेवला आहे: किडकिडीत दिसणाऱ्या भारतीयांना इतका मधुमेह का होतो? २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, सारखाच, २२.३. म्हणजे काट्याच्या आणि उंचीच्या हिशेबाने दोघेही ठणठणीत. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एका फोटोने सिद्ध काही होत नसतं, पण त्यामागे पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेला अभ्यास उभा होता. तिथे आयांची गरोदरपणापासून नोंद ठेवली, मग बाळांची, मग ती बाळं मोठी झाली. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पाऊण किलोचा हा फरक शरीरात सगळीकडे सारखा विभागलेला नव्हता. मांस कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत. आपण जन्मतःच बारीक पण चरबीचे, आणि मांसाचे गरीब.

हा मुद्दा मोठ्या आकड्यांतही दिसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत बीएमआयच्या मापाने लठ्ठ निघाले २८.६ टक्के आणि पोटाच्या घेराच्या मापाने ३९.५ टक्के. तेही बीएमआयची रेषा आपल्यासाठी ३० वरून २५ पर्यंत खाली आणून ठेवल्यावर. म्हणजे काट्याला जे लठ्ठ वाटत नाहीत अशी शंभरातली निदान दहा-अकरा माणसं टेपला लठ्ठ वाटतात. त्याच पाहणीत मधुमेही होते १०.१ कोटी. वजनकाट्यावर भरवसा ठेवून औषध द्यायचं म्हटलं तर हे लोक चुकतात. इंजेक्शनच्या पत्रकावर अट असते बीएमआय ३० ची, किंवा २७ आणि सोबत एखादा आजार. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही रेषा अडीच अंकांनी खाली घेतली आहे. लंडनच्या साउथहॉलमधल्या गुजराती काकांना जी सवलत आहे ती सुरतेतल्या त्यांच्या सख्ख्या भावाला पत्रकावर नाही, हा विनोद कुणीतरी समजावून सांगायला हवा.

आता मांसाकडे येऊ. वजन कोणत्याही मार्गाने उतरवलं तरी नुसती चरबी जात नाही, सोबत स्नायूही जातात. या औषधांच्या चाचण्यांत काही जणांच्या शरीराचं स्कॅन केलं तेव्हा गेलेल्या वजनापैकी पाव ते चाळीस टक्के भाग चरबीबाहेरचा निघाला. त्यात पाणी वगैरेही असतं, सगळंच मांस नव्हे, हे मान्य. पण पहिल्या चाचणीतला सरासरी माणूस कोण होता ते लक्षात घ्या: १०५ किलोचा, बीएमआय ३८, बहुतांश गोरे. एवढा भार वर्षानुवर्षं वाहणाऱ्या पायांत स्नायूंची शिल्लक असते. त्यातून चार-पाच किलो गेले तरी तो माणूस चालतो, बागेत जातो, कदाचित आधीपेक्षा जास्त चालतो. आता आपल्याकडची ६८ किलोची, पोट सुटलेली, दंड आणि मांड्या काडीसारख्या असलेली बाई घ्या. तिच्याकडे शिल्लकच नाही. तिच्या दहा किलोंतले तीन-चार स्नायूंचे गेले तर ती काट्यावर सुंदर दिसेल आणि पासष्टीला मोरीत पडून खुबा मोडून घेईल.

त्यात औषध थांबवल्यावर काय होतं तेही माहीत आहे. त्याच चाचणीतल्या लोकांना औषध बंद करून वर्षभर पाहिलं, तर गेलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. परत येताना ते प्रामुख्याने चरबी म्हणून येतं, व्यायाम नसेल तर स्नायू आपोआप भरून निघत नाहीत. आपल्यासारख्याने दोनदा सुरू-बंद केलं, तर वजन तेच आणि शरीर पहिल्यापेक्षा जास्त चरबीचं, असा सौदा होऊ शकतो. म्हणजे जे याज्ञिकांनी बाळांत पाहिलं, तेच आपण पैसे मोजून प्रौढपणी आणखी पक्कं करायचं.

आणि सुरू-बंद होणारच, कारण आपल्याकडे हे औषध कोण घेतंय ते बघा. ओळखीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. वजन ६३ किलो, आजार काही नाही. ब्लाउजचं माप द्यायच्या आधी बारीक व्हायचं होतं. कुणा डॉक्टरांशी फोनवर दहा मिनिटं बोलणं झालं आणि इंजेक्शनचं पेन घरी आलं. डोस महिन्या-महिन्याने हळूहळू वाढवायचा असतो. हिला घाई होती, हिने तो लवकर वाढवला. मग उलट्या. मग एक दिवस सलाईन. खाणं म्हणाल तर सकाळी चहा, दुपारी ताक आणि दोन घास भात, रात्री 'नको गं आई, वास येतो'. हळदीला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, 'अगं, काय छान बारीक झालीस!' तिने नंतर सांगितलं की नऊवारी नेसून बोहल्यावर उभं राहताना पाय थरथरत होते आणि केस तर फणीभर निघत होते. लग्नानंतर औषध बंद. पुढचं सांगायला नको.

भुकेचं औषध भुकेला फक्त कमी करतं, काय खायचं ते शिकवत नाही. वजन उतरत असताना स्नायू राखायचे तर किलोमागे निदान सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात असं साधारण सांगितलं जातं. ६८ किलोला ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम. आपल्या वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम असतात, अंड्यात सहा. भूक पूर्ण असतानाही आपल्या शाकाहारी ताटातून एवढी प्रथिनं निघत नाहीत, मग भूक अर्धी झाल्यावर कुठून निघणार? त्यातून घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवायला बसते. भूक नाही म्हटल्यावर ती काय करते? चहा-खारी खाऊन झोपते. आणि जोडीला डॉक्टर 'रोज चाला' म्हणतात. चालणं चांगलंच, पण स्नायू राखायला वजन उचलावं लागतं, उठाबशा काढाव्या लागतात. पन्नाशीच्या मराठी बाईला डंबेल्स घ्यायला सांगणारा डॉक्टर मला अजून भेटायचाय.

कायदा काय करतो? कागदावर पुष्कळ. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात ज्या आजारांवरच्या इलाजाची जनतेला जाहिरात करायची नाही त्यांची एक यादी आहे. त्या यादीत लठ्ठपणा कित्येक दशकांपासून आहे. तरीही लोकल ट्रेनच्या डब्यात 'पंधरा दिवसांत दहा किलो' चिकटवलेलं असतंच, आणि त्याने कुणाला तुरुंगात गेलेलं मी ऐकलेलं नाही. आता कंपन्या औषधाचं नाव न घेता 'लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला' अशी जागृती करतात. वाक्य खरं आहे. ते कोण आणि का सांगतंय, हेही तितकंच खरं आहे. मेडिकलवाल्यांकडे चिठ्ठी मागण्याची पद्धत किती आहे ते आपण अ‍ॅन्टिबायोटिक घेताना पाहतोच. किंमत हाच आतापर्यंत या औषधावरचा एकमेव खरा बांध होता, आणि तो फुटला.

मग किंमत पडली हे वाईट झालं का? अजिबात नाही. ती पडल्याशिवाय माझ्या वहिनींसारख्या हजारो जणींना हे मिळणार नव्हतं. सरकारी रुग्णालयाच्या मधुमेहाच्या ओपीडीत सकाळी रांग बघा. पोटाचा घेर शंभर सेंटिमीटर, साखर तीनशेच्या घरात, मूत्रपिंडं कुरकुरू लागलेली, गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. ग्लिमेपिराइडने साखर उतरते पण वजन वाढतं. या माणसाला सेमाग्लुटाइडचा फायदा साखरेत, हृदयात आणि मूत्रपिंडात तिन्हीकडे मिळू शकतो, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली, तीही लठ्ठपणासोबत टाइप २ मधुमेह आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी. डिसेंबरमध्ये लठ्ठपणासाठी वापराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्या अटी घालूनच. म्हणजे कुणाला आधी द्यायचं याचा क्रम जगाने लावून दिलेला आहे. आपल्याकडचा क्रम मात्र पाकिटाने लावला: आधी ज्यांना परवडतं ते, मग ज्यांना हौस आहे ते, मग उरलं तर आजारी.

'हे आयुष्यभर घ्यावं लागतं' हा आक्षेप मला फार जड वाटत नाही. बीपीची गोळीही आयुष्यभर घेतो, थायरॉइडची घेतो, त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. आक्षेप घ्यायचा तर तो आयुष्यभर घ्यायचं औषध चार महिन्यांच्या कोर्ससारखं विकण्यावर घ्या. आणि दुसरा एक आक्षेप आहे तो मला पटतो: सरकारला सुई सोपी वाटेल. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मध्ये महिन्याचं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं लोकांना सांगितलं. लोकांना सांगणं फुकट असतं. पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर-मीठ-चरबीचा ठसठशीत इशारा छापायला कंपन्यांना सांगणं मात्र वर्षानुवर्षं समित्यांत लटकलंय. ज्या शाळेच्या दारात पाच रुपयांची पाकिटं माळेसारखी टांगलेली आहेत, तिथल्या मुलांसाठी तीस वर्षांनी स्वस्त इंजेक्शन असेल, या हिशेबावर धोरण चालणार असेल तर औषध कंपन्या आणि खाऊच्या कंपन्या दोघीही खूश राहतील.

मला विचाराल तर मागणी साधी आहे, आणि ती महाराष्ट्र सरकारला एकट्यालाही सुरू करता येईल. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मधुमेह अधिक पोटाचा लठ्ठपणा, किंवा हृदयाचा आजार अधिक लठ्ठपणा, अशा रुग्णांना देशी सेमाग्लुटाइड सरकारी खरेदीतून द्या. घाऊक खरेदी केली तर भाव बाजारापेक्षा आणखी पाडता येतो, क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या औषधांत हे आपण केलेलं आहे. खाजगीत ज्यांना घ्यायचंय त्यांना घेऊ द्या, पण फोनवरच्या दहा मिनिटांवर नको. पहिल्या चिठ्ठीआधी माणूस समोर बसलेला हवा, आणि त्या चिठ्ठीवर वजनाशेजारी कमरेचा घेर, साखर, आणि हाताच्या पकडीची ताकद किंवा निदान तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं तो आकडा लिहिलेला हवा. खुर्ची प्रत्येक दवाखान्यात असते, त्याला यंत्र लागत नाही. तीन महिन्यांनी परत मोजा. कमर उतरली आणि उठण्याचा आकडा टिकला तर डोस पुढे. किलो भरपूर उतरले पण माणूस खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यायला लागला, तर डोस थांबवा आणि आधी त्याच्या ताटात काय पडतंय ते विचारा. बीएमआय २३ खाली असलेल्या निरोगी माणसाने मागितलं तर नाही म्हणा, त्याच्या लग्नाची तारीख कितीही जवळ आलेली असो.

आणि याज्ञिकांनी दाखवलेल्या त्या वाटेवर पुढचं काम अजून व्हायचंय: आपल्या, कमी वजनाच्या, पोट सुटलेल्या शरीरांवर या औषधांनी स्नायूंचं वर्ष-दोन वर्षांत नेमकं काय होतं, याची मोठी भारतीय नोंद. आता देशी कंपन्या हे औषध पोत्याने विकणार आहेत. विकायच्या परवान्यासोबतच ही नोंद ठेवण्याची सक्ती औषध नियामकाने त्यांच्यावर घालावी, आणि ती नोंद कंपनीच्या कपाटात न ठेवता लोकांना बघायला मिळावी.